बाबांचा लिनक्स मिंट आणि हरवलेला 'सी ड्राइव्ह': आठ महिन्यांनंतर

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट सिनॅमन ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, त्याला आठ महिने झाले. काम म्हणजे सोसायटीचे हिशेब, मेंटेनन्सच्या पावत्या, नातवंडांचे फोटो. प्रिंटरने त्रास दिला नाही, टायपिंगनेही नाही. पहिल्याच संध्याकाळी प्रश्न आला तो वेगळाच: "अरे, सी ड्राइव्ह कुठाय?"

आयुष्यभर विंडोजमध्ये सी, डी, ई अशी वेगवेगळी कपाटं पाहिलेल्या माणसाला इथे सगळं एकाच मुळाखाली असतं हे पचत नाही. साइडबारमधल्या 'फाइल सिस्टीम'वर क्लिक करून ते ईटीसी, यूएसआर असल्या सिस्टीमच्या फोल्डरांत पावत्या शोधायचे. 'बिन' म्हणजे कचरापेटी, हा त्यांचा कयास; तिथे असतात खरं तर प्रोग्राम! पासवर्डशिवाय तिथलं काही पुसता येत नाही, म्हणून निभावलं. शेवटी मी समजावणं सोडलं. 'होम' या त्यांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हिशेब, पावत्या, फोटो असे तीन फोल्डर केले आणि प्रत्येकात जाऊन कंट्रोल-डी दाबलं. तिन्ही बुकमार्क होऊन साइडबारमध्ये बसले. त्यानंतर सी ड्राइव्हची आठवण निघालेली नाही.

मिंटचा फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली-फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, निमो. ग्नोम या लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर नॉटिलस; त्यातून बऱ्याच सोयी छाटल्या गेल्या, तेव्हा 2012 मध्ये निमो त्यापासून वेगळा झाला. छाटलेल्यांपैकी एक सोय बाबांची लाडकी: एफ3 दाबलं की खिडकीचे दोन भाग. डावीकडे पेन ड्राइव्ह, उजवीकडे पावत्या. "रोजकीर्द आणि खतावणी शेजारी ठेवल्यासारखं," म्हणाले.

वैताग आहे तो खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या बटणांचा. चुकून क्लिक झालं की साइडबार गायब, नाहीतर त्याच्या जागी फोल्डरांचं झाड. असे चार फोन आले मला. गायब झाला तर एफ9 दाबायचं, अशी चिठ्ठी आता स्क्रीनच्या कडेला चिकटवली आहे. पेन ड्राइव्हचंही तसंच: कॉपीची पट्टी संपली तरी लिखाण मागे चालू असू शकतं. नावाशेजारच्या बाणावर क्लिक करूनच काढायचा, हे एक हिशेबाची फाइल अर्धवट गेल्यावर दोघांनाही कळलं.

भाषा मराठी केल्यावर पुढच्या लॉगिनला सिस्टीम विचारते, डाउनलोड्ससारख्या ठरावीक फोल्डरांची नावंही बदलू का? मी उत्साहाने हो म्हटलं. बाबा खूश. मी मात्र टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं की देवनागरीत पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, टाइप करत बसतो. दुरुस्तीचं काम तुमच्याच गळ्यात असेल तर जुनी नावं राहू द्या.