वाचनालयात वाचकांना शिकवायला गुगल स्लाइड्स कसं आहे

सार्वजनिक वाचनालयात काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, कॉलेजच्या लायब्ररीवाल्यांनाही चालेल. नवीन सभासदाला ऑनलाइन कॅटलॉग कसा बघायचा, पुस्तकावरचा वर्गीकरणाचा आकडा ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ते कुठल्या कपाटात, नॅशनल डिजिटल लायब्ररीत (सरकारच्या ऑनलाइन ग्रंथालयात) नाव कसं नोंदवायचं, हे सगळं आपण देवघेव काउंटरवर उभ्याउभ्या सांगतो, मागे रांग असते, त्यामुळे धड कुणाच्याच डोक्यात काही राहत नाही. त्यापेक्षा दहापंधरा जणांना एकत्र बसवून पडद्यावर दाखवलेलं केव्हाही बरं. पॉवरपॉइंट, प्रेझी, कॅनव्हा, गुगल स्लाइड्स सगळं वापरलंय, आणि या कामाला माझं मत गुगल स्लाइड्सला, म्हणजे ब्राउझरमध्येच स्लाइड्स बनवायच्या गुगलच्या साधनाला.

कारण वर्ग संपल्यावर वाचकाच्या हातात काय राहतं ते महत्त्वाचं. घरी गेल्यावर निम्मं विसरतंच माणूस, पण व्हॉट्सअॅपवर लिंक टाकलेली असली की मोबाइलवर उघडून परत बघता येतं. आणि उद्या कॅटलॉगचा स्क्रीन बदलला तर आपण फक्त तेवढा स्क्रीनशॉट बदलायचा, लिंक तीच राहते, सगळ्यांना नवीनच दिसतं. फाइल पाठवली की जुनी फाइल वर्षानुवर्षं फिरत राहते हो.

मराठीचंही बरं आहे, मुक्ता, बलू असे फॉन्ट तिथेच मिळतात, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) असल्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट वाचता येतं. जुन्या डीटीपी म्हणजे छपाईच्या फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नुसती विचित्र चिन्हं दिसतात.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे प्रश्नांची. प्रेझेंटर व्ह्यूमधून (सादर करणाऱ्यापुरत्या वेगळ्या खिडकीतून) प्रेक्षकांचे प्रश्न सुरू केले की पडद्यावर लिंक येते आणि ऐकणारे मोबाइलवरून नाव न देता प्रश्न टाकू शकतात. सगळ्यांसमोर "माझा ईमेलच नाही, मग काय करू" असं विचारायला मोठ्या माणसांना फार संकोच वाटतो, आणि खरं अडतं ते तिथेच.

प्रेझीत झूम करत जाता येतं, पूर्ण वाचनालयाचा नकाशा दाखवून एका कपाटापर्यंत पोचायला छान आहे, पण एकेक पायरी शिकवताना ते सारखं आतबाहेर ज्येष्ठांच्या डोळ्यांना त्रासदायक होतं. कॅनव्हा पोस्टरसाठी उत्तमच.

उणीव म्हणाल तर इंटरनेट. ऑफलाइन चालतं, पण क्रोममध्ये ते आधी सुरू करून ठेवावं लागतं, त्यामुळे पीडीएफ पेनड्राइव्हवर असू द्याच. आणि मोबाइलवर बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून एका स्लाइडवर एकच स्क्रीनशॉट, एकच लाल बाण, खाली एक ओळ, बस.

फाइल मेनूतून वेबवर प्रकाशित करून काउंटरजवळच्या टीव्हीवर स्लाइड्स आपोआप फिरत ठेवता येतात, नवीन आलेल्या पुस्तकांसाठी हे जरूर करा. शेजारच्या वाचनालयाला द्यायचं असेल तर शेअरिंग चालू करून लिंकच्या शेवटी इंग्रजीत एडिट असतं तिथपासून पुढचं सगळं खोडून इंग्रजीतच कॉपी (copy) लिहा, त्यांना स्वतःची प्रत करायचा पर्याय येतो, मग त्यात ते आपल्या कपाटांचे फोटो टाकू शकतात.