अडकलेले पैसे: ग्राहक आयोग, दिवाणी दावा की लोकअदालत?

पन्नास-साठ हजारांसाठी कोर्टाची पायरी चढावी का, हा प्रश्न नंतरचा. आधी पायरी कोणती ते ठरवा. ‘लघुवाद न्यायालय’ हे नाव ऐकून आपलं काम तिथेच होईल असं वाटतं, पण मुंबईतल्या धोबी तलावच्या त्या कोर्टात मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे तंटे चालतात. सुताराने बुडवलेला ॲडव्हान्स आणि मित्राला दिलेले हातउसने पैसे यांचे रस्ते वेगळे, आणि ते एकमेकांपासूनही वेगळे.

पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेतली आणि फसगत झाली, तर माझं मत सरळ आहे: जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. विक्रेता नागपूरचा आणि तुम्ही साताऱ्याचे असाल, तर हेलपाटे त्याला. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, तिथपर्यंतही फी १,००० रुपयांच्या वर जात नाही. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले आहेत, पण ते कागदावरचे समजा. मुदत मात्र खरी आहे: वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दुकानात पुन्हा विकायला घेतलेला माल इथे चालत नाही, आणि उसनवारी तर नाहीच.

उसनवारीसाठी दिवाणी न्यायालय. इथे साधारण तीन वर्षांची मुदत मिळते, पण कोर्ट फी रकमेनुसार भरावी लागते, आणि वकिलाशिवाय निभावणं अवघड. त्यातही दोन वाटा आहेत. हाती सहीची वचनचिठ्ठी, चेक किंवा रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा, म्हणजे लांबलचक सुनावणीशिवाय चालणारा दावा, लावता येतो. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने दहा दिवसांत हजर व्हायचं, आणि बचाव मांडायलाही कोर्टाची परवानगी मागायची. परवानगी मिळाली नाही तर निकाल तुमच्या बाजूने. सगळा व्यवहार तोंडी असेल तर नेहमीचा दावा, म्हणजे साक्ष, उलटतपासणी आणि तारखा. रक्कम लहान असेल तर त्या वाटेला जाण्याआधी मी दहादा विचार करीन.

व्हॉट्सॲपवरचं ‘पुढच्या महिन्यात देतो रे’ हे वाक्य इथे मोलाचं ठरतं. फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे मूळ चॅट पुसू नका, फोन विकू नका. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचं विवरणपत्र आत्ताच काढून ठेवा.

चेक वटला नाही तर फौजदारी तक्रारीचीही सोय आहे, आणि ती दिवाणी दाव्याच्या जोडीने चालते. मात्र दिवस मोजत बसावं लागतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, ते संपले की महिन्याभरात तक्रार.

लोकअदालतीबद्दल लोक उगाच भाबडे असतात. फी नाही, निवाड्याला हुकूमनाम्याचं, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाचं बळ, वर अपीलही नाही, हे सगळं खरं. पण दोघांची तयारी असेल तरच. ‘देणं आहे, पण हप्त्याने देईन’ म्हणणाऱ्या माणसासाठी ही जागा उत्तम. जो फोनच उचलत नाही, तो तिथे कशाला येईल? तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा अर्ज करायचा, पण तो करताना दाव्याची मुदत उलटणार नाही हे बघा. तडजोडीच्या कागदावर हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे आल्याशिवाय सही करू नका. वीज, टेलिफोन, विमा यांच्या तक्रारींसाठी स्थायी लोकअदालत वेगळी असते. तिथे तडजोड फिसकटली तरी निर्णय दिला जातो.

आता वसुली. या सगळ्यात खरा फरक इथे पडतो. ग्राहक आयोगाचा आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे दुकानदार सहसा चटकन हलतो. दिवाणी हुकूमनाम्याची मात्र तुम्हालाच वेगळी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. त्यासाठी बारा वर्षं आहेत, पण जप्त काय करायचं हेही तुम्हीच सांगायचं. समोरच्याचं बँक खातं कुठलं, नोकरी कुठे, गाडी कोणाच्या नावावर, ही माहिती बोलणं सुरू आहे तोवरच जमवून ठेवा.