राशिवडे बंधारा : भोगावतीच्या संथ पाण्यातले उन्हाळी पोहणे

पंचगंगेच्या घाटावर पोहण्याची कोल्हापूरची परंपरा मला अतिशय प्रिय आहे. परंतु जयंती नाल्यासह शहराचे सांडपाणी ज्या नदीत मिसळते तिच्यात लहान मुलांना उतरवण्याचे धाडस आता होत नाही. म्हणून उन्हाळी सुटीत आम्ही वरच्या अंगाला, पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवरील राशिवडे बंधाऱ्याकडे जातो. राधानगरी रस्त्याने परिते गाठायचे आणि तेथून आत वळायचे. नदीत पोहायला कोठे जावे असे कोणी विचारले, तर मी निःशंकपणे हेच ठिकाण सांगतो. मात्र तेथील पाण्याची रीत समजावल्याशिवाय कोणालाही पाठवत नाही.

हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा सरला की खांबांमधील खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून घेतात. त्यामुळे एरवी वैशाखात ठिकठिकाणी खडक उघडे पडले असते, ती नदी बंधाऱ्याच्या मागे लांबवर भरलेली आणि संथ राहते. ही लांबी हेच या जागेचे वैभव आहे. जलतरण तलावात दर थोड्या वेळाने भिंत आडवी येते. येथे काठाकाठाने, दोन्ही बाजूंचा ऊस पाहत, दम असेल तोवर सरळ हात मारत जाता येते. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटले की नवे पाणी येते, आणि ते भर मे महिन्यातही अंगावर शहारा आणण्याइतके गार असते. सकाळी लवकर गेल्यास शेतीला पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या घरघरीखेरीज फारसा आवाज नसतो. उपसाबंदीच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसण्यास मनाई असलेल्या दिवसांत तोही थांबतो.

बंधाऱ्याच्या अगदी जवळ मात्र कोणीही पोहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. बरग्यांच्या फटींतून पाणी झिरपत असते आणि त्या ओढीचा अंदाज वरून येत नाही. खालच्या बाजूला पडणाऱ्या पाण्याने तळ खरवडून खड्डे झालेले असतात, आणि वरचे पाणी घोटाभर दिसले तरी दोन पावलांवर ते डोक्यावरून जाऊ शकते. बंधाऱ्यावरून मुटके मारणारी मुले पाहिली की माझ्या छातीत धस्स होते, कारण पाण्याखाली दगड आहे की अडकलेले लाकूड, हे उडी मारणाऱ्याला दिसत नाही. आवर्तनाच्या काळात पातळी वाढते, तेव्हा गावातील माणसांना विचारूनच उतरावे. मगर दिसल्याची काही वार्ता असेल तर तीही त्यांच्याकडूनच कळते. पोहायला शिकण्यासाठी ही जागा योग्य नाही. तळाशी गाळ आहे, काठ काही ठिकाणी एकदम खचतो, आणि जीवरक्षक कोणीही नाही. पोहता येणाऱ्या मुलांच्याही कमरेला आम्ही डबा किंवा हवेची ट्यूब बांधतो आणि एक मोठा माणूस सतत त्यांच्या खालच्या अंगाला राहतो.

सोयी म्हणाव्यात तर काहीच नाहीत. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि पिण्याचे पाणी व भाकरी घरूनच न्यावी लागते. मला याची खंत वाटत नाही. खाद्यपदार्थांच्या गाड्या आल्या असत्या तर पत्रावळ्या आणि बाटल्याही आल्या असत्या. धुणी धुणाऱ्या बायकांची आणि म्हशींची जागा ठरलेली असते. तिच्यापासून दूर, वरच्या बाजूला उतरावे. साबण आणि शाम्पू मुळीच नेऊ नये, कारण हीच भोगावती पुढे बालिंग्याच्या उपसा केंद्रापाशी जाते आणि तेथून तिचे पाणी कोल्हापूरच्या नळांना येते. मोटारींच्या पाइपा आणि स्टार्टरच्या पेट्या यांच्या जवळपासही फिरकू नये.

जाण्यास उत्तम काळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतर वळवाचे पाऊस पाणी गढूळ करतात आणि बरगे निघाले की पोहण्याजोगी खोली उरत नाही. रविवार टाळावा आणि दहाच्या आत पाण्याबाहेर यावे.