स्तनतपासणीचा अहवाल शंकास्पद आल्यानंतर: पुण्यातील एका निदान केंद्राविषयी

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, काहीतरी वेगळे दिसले आहे, पुढच्या तपासण्या करा, असे घरातील एखाद्या स्त्रीला सांगण्यात आले की कुटुंबाला सर्वप्रथम पडणारा प्रश्न म्हणजे आता जायचे कोठे. माझ्या आत्याच्या बाबतीत आम्ही पुण्यातील एका खासगी स्तन-निदान केंद्राची निवड केली. तेथील सेवेविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटते, कारण यंत्रे आता अनेक ठिकाणी चांगली असतात. रुग्ण आणि तिची माणसे यांच्याशी कसे बोलावे याची जाण मात्र मला इतकी नीट इतरत्र आढळली नव्हती.

आत्या ५४ वर्षांची आहे आणि साताऱ्याला राहते. तिची पहिली मॅमोग्राफी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत झाली आणि तिचा अहवाल शनिवारी संध्याकाळी कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात ‘बाय-रॅड्स ०’ असे लिहिले होते. बाय-रॅड्स ही स्तनतपासणीचे निष्कर्ष श्रेणींत मांडण्याची प्रमाणित पद्धत आहे. त्यातील ० या श्रेणीचा अर्थ एवढाच की उपलब्ध प्रतिमांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी प्रतिमा किंवा सोनोग्राफी हवी. हे एक वाक्य कोणी सांगितले असते तर आमचा रविवार बराच सुसह्य झाला असता. प्रत्यक्षात सोमवारपर्यंत नातेवाइकांपैकी प्रत्येकाने आपापल्या परीने तर्क लढवले होते, आणि आत्या सगळ्यांचे फोन घेऊन उलट त्यांनाच धीर देत बसली होती.

निदान केंद्रात वेळ ठरवतानाच त्यांनी आम्हाला आधीच्या सर्व फिल्म आणि सीडी आणण्यास, त्या दिवशी पावडर किंवा डिओडरंट न लावण्यास आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी कळवण्यास सांगितले. पावडरचे कण प्रतिमेत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, हे कारणही फोनवरच समजावले. तपासणीच्या दिवशी संशयित भागाच्या जादा प्रतिमा आणि सोनोग्राफी एकाच सकाळी झाली, आणि रेडिओलॉजिस्ट बाईंनी अहवाल टंकित होण्याची वाट न पाहता स्वतः समोर बसून निष्कर्ष सांगितला. गाठ बाय-रॅड्सच्या ‘४-अ’ श्रेणीत होती. या श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक, परंतु १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते. म्हणजे अशा १०० गाठींपैकी ९० किंवा त्याहून अधिक निरुपद्रवी निघतात, तरीही सुईने तुकडा काढून पाहणे, म्हणजे बायोप्सी, आवश्यक असते. ही माहिती त्यांनी कागदावर लिहून दिली. घाबरलेल्या माणसाला ऐकलेले अर्धेच आठवते, त्यामुळे तो कागद आम्हाला पुढे फार उपयोगी पडला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट याच टप्प्यावर घडली. आमच्याकडे, आणि बहुधा पुष्कळ घरांत, असा समज असतो की वाईट बातमी आधी मुलाला किंवा पुतण्याला सांगावी आणि रुग्णापासून शक्य तितके दिवस लपवावी. माझ्या काकांनी तशी विनंती समुपदेशक बाईंकडे केलीही. त्यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली आणि थेट आत्यालाच विचारले, “काकू, निकाल आला की तो कोणाला सांगायचा, तुम्हाला एकटीला की आणखी कोणाला सोबत घेऊन?” आत्याने क्षणभरही विचार न करता सांगितले की मला सांगा, आणि माझ्या या भाचीला जवळ बसवा. हे अर्जावर नोंदवले गेले आणि तंतोतंत पाळले गेले. त्यानंतर घरात कोणालाही चेहरा सांभाळत वावरावे लागले नाही. काळजी होतीच, पण ती उघडपणे बोलता येऊ लागली.

समुपदेशक बाईंनी नातेवाइकांनाही वेळ दिला. बाहेरचे फोन एकाच व्यक्तीने घ्यावेत, प्रश्न सुचेल तसा वहीत लिहावा, रात्री इंटरनेटवर शोधाशोध करू नये आणि आत्याची रोजची कामे तिच्या हातून काढून घेऊ नयेत, असा त्यांचा सल्ला होता. शेवटची सूचना मला विशेष पटली. आम्ही सगळे तिला बसवून ठेवत होतो, आणि रिकाम्या बसण्यानेच तिची घालमेल वाढत होती.

सुई लावली की गाठ पसरते, ही भीती काकांनी बोलून दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी ती हसण्यावारी न नेता सांगितले की हा समज निराधार आहे आणि नेमके निदान झाल्याखेरीज योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. बायोप्सी जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत केली गेली. सुईच्या यंत्राचा खटका मोठा असतो, म्हणून तो आधी हवेत ऐकवला गेला. नंतर बर्फाचा शेक आणि घट्ट सुती ब्रेसियर वापरण्यास सांगितले. काळानिळा डाग पडला, तो आपोआप गेला.

उणिवाही आहेत. कपडे बदलण्याची खोली फार लहान आहे आणि तिचे दार पुरुष नातेवाईक बसतात त्याच बोळात उघडते; अशा केंद्रात हे खटकते. खर्च कमी नाही, आणि रुग्णालयात दाखल न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे विमा कंपन्या बहुतेकदा देत नाहीत, याची कल्पना वेळ ठरवतानाच द्यायला हवी. समुपदेशक बाई दुपारनंतर उपलब्ध नसतात. बाहेरगावच्या रुग्णांना खरी गरज संध्याकाळी, घरी परतल्यावर भासते. त्या वेळी निदान एक दूरध्वनी क्रमांक तरी असावा.

निकाल ठरलेल्या दिवशी, बंद दाराआड, आत्याला समोर बसवून सांगितला गेला. गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमाची, म्हणजे निरुपद्रवी निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे आणि त्यासाठी आत्याने साताऱ्याजवळचे ठिकाण न शोधता याच केंद्रात वेळ घेतली आहे.