दहा कंद १९९ रुपयांत: अ‍ॅमॅरिलिसच्या नावावर चालणारी फसवणूक

जाहिरात साधारण एकाच साच्यातली असते. पंज्याएवढं फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, मागे धूसर केलेली खिडकी आणि खाली मजकूर: 'हॉलंडचे इंपोर्टेड अ‍ॅमॅरिलिस, १० कंद, १० रंग, फक्त १९९ रुपये, घरात कुंडीत लावा, ३० दिवसांत फुलं.' पैसे आगाऊ भरायचे. आठवड्याभरात पार्सल येतं आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यातून लसणाच्या गड्ड्याएवढे दहा कंद निघतात. विचारलं तर उत्तर तयार असतं: 'मॅडम, लावून तर बघा, ग्रोथ घेईल.' म्हणून ते लावले जातात. पानं येतात. एक महिना जातो, दोन जातात, फुलाचा पत्ता नाही. तोवर माल परत करायची मुदत कधीच उलटलेली असते आणि आता विक्रेत्याचा सूर बदलतो: 'तुमच्याकडून पाणी जास्त झालं.'

सगळा धंदा या मधल्या दोन महिन्यांवर चालतो. माल खोटा आहे हे फुलाच्या वेळी कळतं, आणि त्या वेळेपर्यंत दोष घेणाऱ्याच्या गळ्यात घालता येतो. म्हणून एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. अ‍ॅमॅरिलिसचं पहिल्या वर्षीचं फूल तुमच्या घरात तयार होत नाही. कंद वाढताना साधारण दर चार पानांमागे एक कळी आतल्या आत धरतो आणि ती बाहेर यायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. म्हणजे कंद तुमच्या हातात पडला तेव्हा त्यात कळी एकतर आहे, नाहीतर नाही. कंद कुजवला नसेल, उन्हात भाजला नसेल, तर पहिल्या हंगामातलं फूल ही विक्रेत्याची जबाबदारी. तुमच्या खतपाण्याची परीक्षा पुढच्या वर्षी.

कळी आहे की नाही याचा सर्वांत सोपा अंदाज मापावरून येतो. अ‍ॅमॅरिलिसचे कंद जगभर घेरावर विकले जातात, सेंटिमीटरमध्ये: २४/२६, २६/२८, २८/३०, ३४/३६ असे गट. शिंप्याची टेप कंदाच्या सर्वांत फुगीर भागाभोवती गुंडाळायची, तेच माप. २४/२६ चा कंद बहुधा फुलांचा एक दांडा देतो, ३० च्या पुढचा दोन, कधी तीन. नेहमीच्या मोठ्या फुलांच्या जातींत २० च्या खालच्या कंदाकडून त्या वर्षी फुलाची आशा धरू नये. इथेच शब्दांचा खेळ होतो. जाहिरातीत नुसतं 'साइज ८ सेंमी' लिहिलेलं असतं. आपण समजतो आडवं माप. आठ सेंटिमीटर व्यास म्हणजे घेर सुमारे २५, छान कंद. पण घेरच ८ असेल तर व्यास भरतो जेमतेम अडीच, म्हणजे बाजूला फुटलेलं पिल्लू. विक्रेता खोटंही बोललेला नसतो आणि खरंही. ऑर्डर करण्याआधी एवढाच प्रश्न लेखी विचारा: 'घेर किती सेंटिमीटर? टेप लावून फोटो पाठवा.' जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा प्रकार म्हणजे मुळात कंदच वेगळा. अ‍ॅमॅरिलिस म्हणून आपण कुंडीत लावतो ते हिपिअ‍ॅस्ट्रम, मूळ दक्षिण अमेरिकेचं. त्याचा कंद गोल, मान आखूड, वरून कोरडी तपकिरी सालं, खाली जाड, पांढरट, मांसल मुळं. त्याऐवजी येतं ते असं: लांब बाटलीसारख्या मानेचा कंद म्हणजे क्रायनम. दोन-तीन सेंटिमीटरचे, काळपट सालीचे, कांद्याच्या रोपाएवढे कंद म्हणजे रेन लिली. मानेवर किंवा पानाच्या देठावर लालसर-जांभळे ठिपके दिसले तर मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली. फूल सुरेख, पण ते फोटोतलं नव्हे. चपटा, जाळीदार सालीचा, कापल्यावर आत पापुद्रे नसलेला गड्डा ग्लॅडिओलसचा. पानं फुटल्यावर आणखी एक खूण मिळते. अ‍ॅमॅरिलिसची पानं समोरासमोर दोन ओळींत, पंख्यासारखी येतात, क्रायनमची चहूबाजूंनी. फरक कळायला पानं पुरेशी मोठी व्हावी लागतात, म्हणून मानेकडे आधी बघा.

आणि मग देशी लाल अ‍ॅमॅरिलिस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वाड्यांच्या, बंगल्यांच्या कडेने जी शेंदरी-लाल फुलं येतात, तेच कंद 'डबल डच' म्हणून दुप्पट-चौपट भावाने खपवले जातात. गुणाने ती लिली उलट काटक आहे, आमच्या मते नवशिक्याने तीच आधी लावावी. पण देशी म्हणून, देशी भावात. हॉलंडचे कंद बाजारात येतात ते साधारण ऑक्टोबरपासून. जूनमध्ये कोणी 'ताजा हॉलंड माल' म्हणत असेल तर तो एकतर इथलाच आहे किंवा गेल्या हंगामातला उरलेला. 'आम्ही थेट पोस्टाने परदेशातून मागवतो' हेही तसंच. भारतात कंद आणायला आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या क्वारंटाइन आदेशाप्रमाणे. रीतसर आयातदाराकडे ते असतं. त्यामुळे त्याची प्रत मागण्यात संकोच नको.

रंगांबद्दल थोडक्यात. निळा अ‍ॅमॅरिलिस नाही. निळसर जांभळ्या फुलांची ब्राझीलची वॉर्सलेया आहे, पण ती वेगळी प्रजाती, दुर्मिळ, महाग आणि सांभाळायला भलतीच अवघड. १९९ रुपयांच्या पाकिटात ती येणार नाही. 'काळा' म्हणून जे विकतात ते गडद मरून. एकाच फुलात सात रंग ही करामत फोटोची. बियांच्या पाकिटांचं तर नाव नको: खरं बी काळं, चपटं, कागदासारखं हलकं असतं आणि फार काळ उगवणक्षम राहत नाही. पाकिटात गोल किंवा टणक दाणे असतील तर ते दुसऱ्याच कशाचे. खरं बी रुजलंच, तरी फुलायला तीन-चार वर्षं, आणि संकराचं बी आईसारखं फूल देईलच असं नाही.

पार्सल आलं की सील फोडण्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा, मध्ये न थांबवता. पत्त्याचं लेबल आधी दाखवा, मग कंद एकेक काढून टेप लावा. अंगठ्याने बुडाची चकती दाबून बघा. मुळं जिथून निघतात ती ही चकती. ती टणक हवी. मऊ लागली, आंबूस वास आला, तर कंद गेलेला. सालींखाली लाल पट्टे किंवा डाग दिसले तर ती बुरशी असू शकते, रेड ब्लॉच नावाची. थोड्या डागांचा कंद वाचतो, पण विक्रेत्याला कळवणं त्याच दिवशी. पैसे परत द्यायला विक्रेता वाकडं बोलू लागला आणि मालाची किंमत जास्त असली, तर दहांतला एक कंद उभा चिरा. फुलायला तयार कंदात पापुद्र्यांच्या मध्ये, चकतीच्या जवळ, फिकट कळीचा कोंब स्पष्ट दिसतो. नुसतेच पापुद्रे असतील तर तो फोटो पुराव्यात लावा.

आता 'पाणी जास्त झालं' या उत्तराची सोय. लावणी नीट केली आणि तिचे तारखेचे फोटो ठेवले की हे उत्तर टिकत नाही. कुंडी कंदापेक्षा चहूकडून दोन-तीन सेंटिमीटरच मोठी घ्या. ८-९ सेंटिमीटर व्यासाच्या कंदाला १५ सेंटिमीटरची पुरते. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि चकती कुजते. मिश्रण दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा, अर्धासुद्धा, मातीबाहेर ठेवा. मान पुरली की तिच्यात पाणी साचतं. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब चार-पाच सेंटिमीटर वर येईपर्यंत माती बोटभर खाली कोरडी झाल्यावरच थोडं. बशीतलं पाणी ओतून टाका. पूर्वेची खिडकी उत्तम. दांडा उजेडाकडे वाकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा. तयार, विश्रांती झालेल्या कंदाला फूल यायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी दहा. ३० दिवसांची हमी देणाऱ्याला हे माहीत असतं.

दुसऱ्या वर्षी फूल न येण्यामागे मात्र आपलीच चूक बहुतेक वेळा असते. फूल गेल्यावर दांडा कापा, पानं अजिबात कापू नका. ती पानंच पुढची कळी भरतात. फुलानंतर कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता सर्वांत उजेडाच्या जागी ठेवा, पंधरवड्याला १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम. ऑक्टोबर संपता पाणी बंद, आठ-दहा आठवडे कुंडी कोरडी. मुंबईत थंडी नाही म्हणून काही बिघडत नाही, कोरडेपणा जास्त महत्त्वाचा.

मेणाचा अ‍ॅमॅरिलिस हा महागडा सापळा. लाल-सोनेरी मेणात बुडवलेला कंद, 'माती नको, पाणी नको, वर्षानुवर्षं फुलतो' म्हणून भेटवस्तूंच्या दुकानात ठेवतात. पहिलं वाक्य खरं आहे: आतल्या साठ्यावर तो एकदा फुलतो. पुढचं खोटं. त्याची मुळं छाटलेली असतात, उभं राहावं म्हणून चकतीत अनेकदा तार रोवलेली असते. फुलानंतर मेण सोलून, तार काढून, जखमेवर बुरशीनाशक भुकटी लावून कुंडीत लावता येतं, पण चकती फार दुखावली असेल तर जगत नाही. एका हंगामाची वस्तू म्हणून घेतली तर ठीक.

पैसे अडकले तर भांडण लेखी ठेवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जाहिरातीत दाखवल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. 'कंद सजीव वस्तू, रिटर्न नाही' असं पानाच्या तळाशी छापल्याने हा नियम उडत नाही. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही आणि नंबर बंद, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. याच टप्प्यावर दुसरी फसवणूक होते. 'रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका,' असा निरोप येतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

लहान कंद परत गेले नाहीत तर फेकू नका. अ‍ॅमॅरिलिसच असतील तर दोन-तीन वर्षांत फुलतील. १० सेंटिमीटरच्या कुंडीत लावा, पण पहिले काही महिने बाकीच्या लिलींपासून दूर. नव्या पानांवर पिवळसर-हिरवे चट्टे, लांबट रेघा दिसू लागल्या आणि खत देऊनही गेल्या नाहीत, तर मोझॅक विषाणूचा संशय धरा. त्यावर औषध नाही. मावा आणि कापताना लागणारा रस यांतून तो शेजारच्या कुंडीत जातो. असा कंद खताच्या पिंपात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, आणि कात्री एक भाग ब्लीच, नऊ भाग पाण्यात बुडवून घेतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. घरात मांजर-कुत्रं असेल तर ती पिशवीही त्यांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. या कंदात लायकोरिन असतं, चावला तर उलट्या सुरू होतात.