जुन्या पोलो जीटी टीएसआयचे नऊ महिने: पिकअप आणि ॲव्हरेज यांचा हिशेब

२०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर विकत घेतली, तेव्हा ती ६८,००० किलोमीटर चाललेली होती. आज ओडोमीटर ७९,००० च्या पुढे गेला आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आता आठवड्यातून तीन दिवस मला कोथरूडहून चाकणलाच नेते, याचे मला अजूनही मनापासून अप्रूप वाटते. १.२ लिटरचे टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा असलेले) पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या या गाडीचे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले ॲव्हरेज १७.२ होते. खाली दिलेले सगळे आकडे मात्र टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीने, एकाच पंपावर आणि वहीत नोंद ठेवून काढलेले आहेत. डॅशबोर्डवरचा आकडा त्याहून साधारण पाऊण किलोमीटरने जास्तच दाखवतो.

पहिले दोन महिने निराशेचे गेले. शहरात ९.४ आणि महामार्गावर १३.८ एवढेच ॲव्हरेज मिळत होते, आणि पिकअपही जेमतेमच होता. ही दोन्ही दुखणी एकाच वेळी दिसत होती, याकडे मी सुरुवातीलाच लक्ष द्यायला हवे होते. पाय जोरात दाबल्यामुळे पेट्रोल जास्त लागले तर ते समजण्यासारखे आहे. पण ताकदही मिळत नाही आणि पेट्रोलही संपते, असे होत असेल तर ते पेट्रोल कुठेतरी वाया जात असते. पहिल्या गॅरेजने टर्बो गेल्याचे सांगून मोठ्या रकमेचे एस्टिमेट हातात ठेवले. एका परिचिताच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून टर्बोकडून पुढे जाणाऱ्या रबरी होसच्या खालच्या बाजूने नुसता हात फिरवला आणि तेलकट धुळीने काळी झालेली बोटे मला दाखवली. पूर्वीच्या कोणत्या तरी कामात क्लिप तिरकी आवळली गेली होती आणि तिच्या कडेने रबराला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. इंजिन जागेवर चालू असताना ही चीर मिटलेली राहत असे आणि हवेचा दाब वाढला की उघडत असे, त्यामुळे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच वाटेत निघून जात होती.

होस व क्लिप, चारही स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाल्यावर पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या लेबलप्रमाणे टायरमध्ये हवा भरली. त्यानंतरच्या सहा टाक्यांचे ॲव्हरेज शहरात १०.९, तर महामार्गावर ८० ते ९० च्या वेगाने १६.४ आले. तोच रस्ता १०० च्या वेगाने कापला की आकडा १५ च्या आत येतो.

मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे मोबाइलशी जोडला जाणारा साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचून दाखवणारे उपकरण. पुण्यात वातावरणाचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. सपाट रस्त्यावर सातव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाने जाताना इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब ६० ते ७० च्या दरम्यानच राहतो, म्हणजे त्या वेळी टर्बो जवळपास विश्रांतीच घेत असतो आणि आपण एक लहान, काटकसरी इंजिन चालवत असतो. ओव्हरटेक करण्यासाठी पाय दाबला की हाच आकडा क्षणात १४० च्या पुढे जातो आणि पेट्रोलही त्याच हिशेबाने जाऊ लागते. हे आकडे काही आठवडे डोळ्यांसमोर राहिल्यावर सिग्नल सुटल्यानंतर पाय किती दाबायचा, हे मला आपोआप कळू लागले.

घाटात मात्र हलका पाय आणि वरचा गिअर हे समीकरण चालत नाही, असा माझा स्पष्ट अनुभव आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी डी मोडमध्ये (आपोआप गिअर बदलणाऱ्या) ठेवली, तर गिअरबॉक्स वरचा गिअर सोडायला तयार नसतो, इंजिन कमी आरपीएमवर ओढत राहते आणि पाय नकळत अधिकच दाबला जातो. अशा ओझ्याखाली नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा, धोका वाढला की गाडीचा संगणक इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, आणि त्यात ताकद व ॲव्हरेज दोन्हींचे नुकसान होते. म्हणून मी तेथे मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर घेऊन २५०० आरपीएमच्या आसपास चढतो. १५०० ते ४१०० आरपीएमच्या दरम्यान पूर्ण टॉर्क मिळत असल्यामुळे त्याहून वर जाण्याची गरज पडत नाही.

९५ ऑक्टेनचे (नॉकिंगला अधिक दाद न देणारे) पेट्रोल तीन टाक्या वापरून पाहिले. मे महिन्याच्या उन्हात घाट चढताना इंजिन अधिक मोकळेपणाने ओढत होते, हे निश्चित. परंतु ॲव्हरेजमधला फरक मोजमापाच्या चुकीत जिरून जाईल इतकाच होता, त्यामुळे रोजच्या वापरासाठी मी साध्या पेट्रोलवर परतलो. २०१४ च्या आकड्याशी आजची तुलना करताना पेट्रोलमध्ये आता मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचाही विचार करायला हवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्के ऊर्जा कमीच असते. तेवढी घट कोणत्याही मिस्त्रीला भरून काढता येणार नाही. मिश्रणाचा परिणाम रबरी भागांवरही होऊ शकतो, म्हणून जुन्या गाडीतले इंधनाचे पाइप मी दर सर्व्हिसिंगला तपासून घेतो.

रिमॅप (इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगमध्ये बदल) करून घ्या, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल, असा आग्रह अनेकांनी केला. या गाडीतला कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, आणि दहा वर्षे वापरलेल्या क्लचवर ती मर्यादा गाठण्याचा प्रयोग मला करायचा नाही. ते पैसे मी इंजिन ऑइलवर खर्च करतो आणि १५,००० किलोमीटरची वाट न पाहता ८,००० लाच ते बदलतो, कारण टर्बोचे बेअरिंग याच तेलावर जगते.

गेल्या आठवड्यातल्या कोल्हापूर फेरीत चार माणसे, सामान आणि चालू एसी असतानाही १५.८ चे ॲव्हरेज मिळाले, आणि खंबाटकीत मालाने भरलेल्या ट्रकच्या रांगेला मागे टाकताना एकदाही पाय पूर्ण दाबावा लागला नाही. परतल्यावर मी पुन्हा त्याच होसखालून हात फिरवून पाहिला. बोटे कोरडी होती.