राजी : पुण्यात घडलेला गेम, नक्की खेळा

शाळेत मी मल्लखांब करायचे. म्हणून 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या व्हिडिओ गेममधली मुलगी खांबाला धरून गर्रकन फिरते आणि भोवतीच्या राक्षसांना उधळून लावते, ते बघून मी भलतीच खूश झाले. राजी ही जत्रेत कसरती करणारी पोर. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस तिच्या भावाला, गोलूला पळवतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती गोलूच्या शोधात निघते.

हा गेम नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने केलाय. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तिथे रक्कम पूर्ण झाली नाही तर एक रुपयाही हातात पडत नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विच या गेमिंग यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या गेमच्या जागतिक पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं!

माणसं कमी असली की ताकद कुठे लावायची हे ठरवावं लागतं. यांनी ती चित्रात लावली, आणि माझ्या मते अगदी योग्य केलं. राजस्थानी वळणाचे किल्ले, झरोके, भिंतीवरची चित्रं... एखाद्या चित्रापाशी थांबलं की दुर्गेची किंवा विष्णूची कथा ऐकू येते. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, पण त्यामुळेच प्रत्येक दृश्य मांडून ठेवल्यासारखं दिसतं. मंडलासारख्या आकृत्यांची वर्तुळं फिरवून सोडवायची कोडी सोपी आहेत, मला तरी आवडली.

लढाई मात्र तितकी भरीव नाही. तेच तेच राक्षस परत येतात, उडी मारताना कडेचा अंदाज नीट येत नाही. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि शेवट फार घाईत उरकलाय.

घ्यायचा तर २०२२ ची सुधारित आवृत्ती घ्या. तिच्यात हिंदी आवाज आहेत. दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात तेव्हा परके वाटतात, हिंदीत ते आपले होतात. पुण्यातल्या स्टुडिओकडून हे मराठीत ऐकायला मिळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेजारी बसवून खेळा, भिंतीवरच्या कथा त्यांना फार आवडतील.